काळी माती काढून लाल टाकायची का? परसातला वाफा आणि गच्चीवरच्या बॅगांसाठी मिश्रण (नाशिक)

पाथर्डी_परस

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. मागच्या अंगाला 10 बाय 4 फुटांची मोकळी जागा आहे, चारही बाजूंनी फिरता येतं. गच्चीवर 12 बाय 12 इंचाच्या 15 ग्रो बॅगा ठेवायच्या आहेत. खालची माती काळी आणि चिकट. सध्या भेगाळलीय, आणि खणताना सिमेंटचे गोळे, खडी निघतेय. रासायनिक खत टाकायचं नाही.

एका नर्सरीत सांगितलं, काळी माती फूटभर काढून टाका आणि एक ब्रास लाल माती ओता. दुसरीकडे सांगितलं, काळीतच वाळू मिसळा, भुसभुशीत होईल. तिसरीकडे 'रेडी ऑरगॅनिक मिक्स'च्या गोण्या दाखवल्या, पण आत काय आहे ते गोणीवर नीट लिहिलेलं नाही. बागेला पाणी बोअरचं.

पावसाळ्यात मिरची, वांगी, भेंडी आणि दिवाळीच्या सुमाराला मेथी, कोथिंबीर, टोमॅटो असा बेत आहे. कोणती माती, किती, त्यात काय मिसळू? टक्क्यांत नको, बादल्यांत सांगा. एप्रिल संपत आलाय, जूनपर्यंत तयारी व्हायला हवी.

वाफसा

ताई, खालचा वाफा आणि वरच्या बॅगा ही दोन वेगळी कामं आहेत. एकच मिश्रण दोन्हीकडे वापरू नका. मी वाफ्यापुरतं सांगतो, गच्चीचं जाणकार सांगतीलच.

आधी हिशोब. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तुमचा वाफा फूटभर खोल धरला तरी 40 घनफूट. म्हणजे अडीचपट माती दारात पडेल आणि उरलेली उचलायला पुन्हा मजूर बघावा लागेल. पण खरं कारण वेगळं आहे. काळ्या जमिनीत खड्डा करून लाल माती भरली की तो खड्डा टबासारखा वागतो. जुलैत झड लागली की लाल मातीतून पाणी भराभर खाली उतरतं, भोवतालची काळी ते पुढे जाऊ देत नाही, आणि मिरचीची मुळं आठवडाभर पाण्यात उभी राहतात. मर (रोपं माना टाकून वाळण्याचा रोग) तिथूनच सुरू होते.

वाळूचा सल्ला तर सोडूनच द्या. आपल्याकडच्या काळीत चिकणमातीचा भाग निम्म्याच्या आसपास असतो. तिचा पोत वाळूने बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू घालावी लागते. दोन-चार घमेली टाकली तर चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरून काढते आणि सुकल्यावर वीट तयार होते. हल्ली मिळते ती क्रश सँड त्याहून वाईट, कारण तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते.

काळीला मोकळं करतं ते कुजलेलं सेंद्रिय खत. त्याने मातीचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ होतात, मधे हवेला जागा राहते, भेगाही कमी पडतात. अन्नद्रव्यं आणि ओल धरून ठेवण्यात काळीचा हात कुणी धरत नाही. तिची अडचण हवा आणि निचऱ्याची आहे.

आता क्रम. कोरडी काळी खणू नका, टिकाव उडेल आणि नुसती ढेकळं निघतील. पाणी देऊन तीन-चार दिवस थांबा, वाफसा (खणण्याजोगी ओल) येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर खणायला योग्य, चपटा झाला तर अजून ओली आहे. ओली खणली तर मोसमभर ढेकळं फोडत बसाल. फूटभर खणून सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे वेचून बाहेर काढा. अर्धा इंची जाळीवरून चाळली तर उत्तम. सिमेंट आधीच विम्ल (अल्कली) असलेल्या मातीचा सामू (पीएच) आणखी वर नेतं, म्हणून ते 'खडीच आहे, राहू दे' म्हणून सोडू नका.

मग सपाट करून हलकं पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिक (25 ते 50 मायक्रॉन) अंथरून कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तितकी तापत नाही. मे महिनाभर तसंच ठेवा. तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत), मरीची बुरशी यांचा जोर मोडतो. नाशिकचं मेमधलं ऊन या कामाला पुरेसं आहे.

तोवर बाजूला सावलीत शेणखत तयार करा. पूर्ण कुजलेलं शेणखत 10 बादल्या (20 लिटरची बादली, वजन साधारण 100 किलो), त्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) पावडर 1 किलो, ओल इतकी की मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी गळू नये. ओलं पोतं झाकून 8 ते 10 दिवस. ट्रायकोडर्मा प्लास्टिक काढल्यानंतरच मातीत जायला हवं, आधी टाकलं तर तेही भाजून मरतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आधी, हे खत वाफ्यावर पसरा. 10 बादल्यांचा या जागेवर बरोबर दोन इंची थर होतो. वर निंबोळी पेंड अर्धा किलो. सगळं वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा. भोवतीच्या वाटेची माती ओढून वाफा जमिनीपेक्षा आठ इंच उंच करा, कडांना उतार द्या. या उंचीवर कंजुषी नको. पावसाळ्यात वाफा वाचतो तो उंचीमुळे. आणि त्यावर पाय द्यायचा नाही, फळी टाकूनसुद्धा.

दुसऱ्या वर्षापासून दोन इंच खत लागत नाही, अर्धा ते एक इंच पुरतं.

गच्चीवरचा_दोडका

वाफ्याबद्दल वरचं सगळं मान्य. आता गच्ची.

बॅगेत शुद्ध काळी कधीच नको. एक तर वजन: 12 बाय 12 ची बॅग म्हणजे 22 लिटर, ओली काळी भरली तर 35 किलोच्या पुढे जाते. दुसरं, ती सुकताना आकसते आणि बॅगेच्या कडेने फट पडते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून थेट खाली वाहून जातं, खालून गळताना दिसतं म्हणून आपण समाधान मानतो आणि मधला गड्डा कोरडा ठणठणीत. रोज पाणी घालूनही रोप माना टाकतं त्याचं हे नेहमीचं कारण.

15 बॅगांसाठी, 20 लिटरच्या बादलीने:

लाल किंवा पोयट्याची माती 4 बादल्या
तुमचीच काळी, सुकवून फोडून चाळलेली, 2 बादल्या
भिजवून फुललेलं कोकोपीट 6 बादल्या
कुजलेलं, चाळलेलं शेणखत 3 बादल्या
गांडूळखत 2 बादल्या
भाताचं तूस 3 बादल्या
निंबोळी पेंड 2 किलो

बेरीज 20 बादल्या म्हणजे 400 लिटर दिसते, पण बारीक कण जाड्याच्या फटीत बसतात आणि हातात 340-350 लिटर येतं. 15 बॅगांना तेवढंच लागतं. अशी भरलेली बॅग ओली असताना 20-21 किलो भरते.

काळी घातलीच कशाला, तर नुसत्या कोकोपीट-लाल मातीत खत टिकत नाही, पाण्याबरोबर वाहून जातं. दोन बादल्या काळी ते धरून ठेवते. तिसरी बादली घालायचा मोह मात्र टाळा.

लाल मातीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे, कसाचा नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या जास्त पावसाच्या पट्ट्यातली लाल माती निचऱ्याला चांगली आणि सामूने थोडी आम्लाकडे झुकणारी असते, हा तिचा खरा उपयोग. कस जवळजवळ नसतो. आणि 'लाल माती' म्हणून पुष्कळदा चाळलेला मुरूमच गळ्यात मारतात. ओली करून बोटांत चोळा: नुसती करकर लागली आणि वळी होतच नसेल तर मुरूम आहे. दोन-अडीच सेंटीमीटरची वळी होऊन तुटली तर घ्या.

कोकोपीटची 5 किलोची वीट फुलून 65 ते 75 लिटर होते, म्हणजे दोन विटा पुरे. ते धुतल्याशिवाय वापरू नका. त्यात क्षार असतात आणि मेथीसारखं नाजूक पीक उगवतानाच करपतं. पाण्यात फुलवा, पिळा, ते पाणी टाकून द्या, असं तीनदा. शेवटचं पाणी फिकट चहाच्या रंगाचं यायला हवं. धुणं नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने करा. बोअरच्या पाण्याने धुतलं तर एक क्षार काढून दुसरा भरल्यासारखं.

तूस कच्चंच चालतं, पण दोन दिवस भिजवून घ्या. नाहीतर त्यातले भाताचे दाणे बॅगेत उगवतात. लाकडाचा भुसा तुसाऐवजी वापरू नका, कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात.

ताडपत्रीवर सगळं कोरडं मिसळा, मग ओल द्या, आणि 12-15 दिवस झाकून ठेवून चार दिवसांनी एकदा पालटा. निंबोळी पेंड ताजी असताना लगेच रोप लावलं तर मुळं भाजतात. हे पंधरा दिवस त्यासाठीच आहेत.

गच्चीच्या वजनाबद्दल: आयएस 875 (भाग 2) मध्ये वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो भार धरलेला आहे. एका चौरस मीटरमध्ये अशा सहा बॅगा ठेवल्या तर 125 किलोच्या आसपास येतं. त्याच बॅगा काळीने भरल्या तर 215. आणि विटांचा कठडा करून गच्चीवर फूटभर माती पसरायचा विचार कुणी डोक्यात घातला तर ओल्या मातीचं ते ओझं 500 किलोपर्यंत जातं. बॅगा कठड्यालगत, खाली तुळई असेल त्या ओळीत ठेवा, बुडाखाली दोन विटा किंवा स्टँड द्या म्हणजे निचरा दिसेल आणि वॉटरप्रूफिंग कुजणार नाही.

कोथिंबीर_जुडी

बॅगेच्या तळाला दोन इंच विटांचे तुकडे घातले तर निचरा अजून चांगला होईल ना? आणि टोमॅटोची बुडं काळी पडतात त्यासाठी अंड्याची टरफलं, चिमूटभर चुना? आमच्याकडे सगळे टाकतात. राखही टाकतात.

गच्चीवरचा_दोडका

विटांचे तुकडे नकोत. बारीक कणांच्या मातीखाली जाड थर असला की पाणी त्या जोडावर अडतं. वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत थेंब खाली उतरत नाही. म्हणजे पाणी साचायची जागा तळातून दोन इंच वर, मुळांच्या जवळ येते, आणि मातीची दोन इंच खोली फुकट जाते. भोकावर एक खापर पालथं किंवा नायलॉन जाळीचा तुकडा बास. बॅगेला चार भोकं तळाला नाही, तर बाजूला, बुडापासून अर्ध्या इंचावर असावीत.

चुना, टरफलं, राख तिन्ही आपल्या भागात उलटी पडतात. काळीत आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर आहे. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम मातीत नसतं म्हणून नव्हे, तर पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस कोरडं असं झाल्याने ते फळापर्यंत पोचत नाही म्हणून. पाणी नेमाने द्या आणि वर दोन इंच पाचट किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. राखेने सामू वाढतो, ती कोकणातल्या आम्ल जमिनीला शोभते.

आणि हो, टोमॅटो-वांग्याला 12 बाय 12 कमी पडते. त्यांच्यासाठी 15 बाय 15 ची बॅग घ्या, ती 43 लिटरची असते. मिरची आणि भेंडी 12 मध्ये सुखाने येतात. मेथी-कोथिंबिरीला सहा-आठ इंच खोली पुरते, तेव्हा त्यांना पसरट ट्रे द्या. फूटभर खोल बॅगेत मेथी म्हणजे अर्धं मिश्रण नुसतं पडून राहणार.

चाळण

माती आणि खत विकत घेताना काय बघायचं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून.

'ऑरगॅनिक' या शब्दावर जाऊ नका, खत कुजलंय का ते बघा. शेणखत काळपट, भुरभुरीत, हातात गरम न लागणारं हवं आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा हवा. शंका असेल तर मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधा, तीन दिवसांनी उघडा. डोळ्यांना झोंबणारा अमोनिया किंवा सडका वास आला तर अजून महिना-दीड महिना ढिगात पडू द्या. कच्चं शेणखत मातीत तापतं, वाळवी आणि हुमणी बोलावतं. चाळताना इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली की ती हुमणी, वेचून मारा. एक अळी एका बॅगेतलं रोप मुळासकट संपवते.

दुसरी परीक्षा मेथीची. खत आणि चाळलेली माती सम प्रमाणात, त्यात मेथीचे 20 दाणे. चार दिवसांत 16-17 उगवले नाहीत किंवा टोकं करपलेली आली तर खत कच्चं आहे किंवा खारट. रेडी मिक्सची एकच गोणी आधी आणून हेच करा, मग बाकीच्या घ्या. गोणी उचलूनही कळतं: फार जड असेल तर माती जास्त आहे, किंवा तुम्ही पाण्याचे पैसे देताय. गांडूळखताला खत नियंत्रण आदेश 1985 मध्ये ओलावा, सेंद्रिय कर्ब, जड धातू यांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. गोणीवर हे आकडे छापलेले नसतील तर ती खाली ठेवा.

नाशिकमध्ये एक गोष्ट जरूर विचारा: माती कुठली? 'द्राक्षबागेतली कसदार माती' म्हणून भाव वाढवून विकतात. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना, फवारलेलं असतं आणि त्यातलं तांबं धुपून जात नाही, वरच्या थरात साठतं. विम्ल मातीत ते पिकाला लगेच बाधत नाही हे खरं, पण गांडुळांना मानवत नाही. घरच्या भाजीसाठी ते विकत कशाला आणायचं? छाटणीच्या काड्यांचा चुरा आच्छादनाला देतात, त्यालाही हेच लागू.

कोंबडीखत देऊ केलं तर घेऊ नका. ताजं असलं की फार उष्ण, आणि जुनं असलं तरी क्षार जास्त. घेतलंच तर 20 बादल्यांत एकीच्या वर नको, तीही पूर्ण कुजलेली.

मातीचा नमुना तपासून घ्या. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचा सहा इंच खड्डा करून कडेची पातळ चकती काढा, सगळं एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवा, सावलीत सुकवून कापडी पिशवीत द्या. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी हे चार आकडे मागून घ्या. कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, 0.75 च्या वर म्हणजे चांगला. चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर पुढे पिवळेपणाची तयारी ठेवा. आणि नमुना खत टाकायच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

पाथर्डी_परस

सगळ्यांचे आभार. कोरड्या ढेकळावर लिंबू पिळून बघितलं, फसफसतंय. म्हणजे चुनखडी आहे ना? जिप्सम टाकू का? की गंधक?

वाफसा

हो, चुनखडी आहे. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध. तिथे सोडियम जास्त असतं आणि सामू साडेआठच्या वर गेलेला असतो. तुमच्या मातीत कॅल्शियम आधीच भरपूर आहे. त्यात जिप्सम म्हणजे आणखी कॅल्शियम.

गंधकाचं गणित करून बघा. एक किलो चुनखडी विरघळवायला सुमारे 320 ग्रॅम गंधक लागतं. एक चौरस मीटर, सहा इंच खोल माती म्हणजे साधारण 200 किलो. त्यात 5 टक्के चुनखडी धरली तर 10 किलो, म्हणजे गंधक 3 किलोच्या वर, आणि तुमचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा आहे. मूठभर गंधकाने सामू उतरतो असं सांगणाऱ्याला हा हिशोब दाखवा. याच कारणाने हाडांचा चुरा आणि रॉक फॉस्फेटही आपल्याकडे वाया जातात. त्यांना विरघळायला आम्ल माती लागते.

सामूच्या मागे न लागता लोहाकडे बघा. नवी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, तिथे गांडूळखत द्या. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) थेट मातीत टाकला तर चुनखडी त्याला दोन दिवसांत बांधून टाकते. म्हणून 10 किलो शेणखतात 50 ग्रॅम हिराकस मिसळून, ओलसर ठेवून 10-15 दिवस मुरवा आणि मग रोपांच्या बुडाशी द्या. घाई असेल तर लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी पानांवर, आठ दिवसांनी पुन्हा. दुपारी फवारलं तर पानं डागाळतात. हिराकस हे क्षार आहे, पण कमतरता दिसली तर सेंद्रिय शेतीत अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं मर्यादेत चालवून घेतात. 'काहीच नको' असं ठरवलं असेल तर मुरवलेल्या खतावरच थांबा.

बोअरचं पाणी वाफ्याला चालेल, पावसाळा वर्षातून एकदा क्षार धुऊन नेतो. बॅगांना मात्र पागोळ्यांचं साठवलेलं पाणी द्या, निदान आठवड्यातून दोनदा. बॅगेच्या कडेला पांढरी पापडी दिसली की महिन्यातून एकदा घातलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा बुडातून बाहेर येईपर्यंत भिजवा.

चाळण

बेतातली एक चूक राहून गेली. मिरची, वांगी आणि टोमॅटो एकाच कुळातले. मिरचीची बॅग रिकामी करून तिच्यातच टोमॅटो लावलात तर मर आणि सूत्रकृमी वारशाने मिळतील. वांग्या-मिरचीच्या जागी मेथी-कोथिंबीर आणि भेंडीच्या जागी टोमॅटो असं फिरवा. पण भेंडी उपटल्यावर मुळं धुऊन बघा, तिलाही सूत्रकृमी लागतात. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते मिश्रण टोमॅटोला नको. ते पिशवीतून बाजूला काढा आणि पुढच्या मेमध्ये प्लास्टिकखाली तापवा. गाठी नसतील तर मिश्रण मोकळं करा. ते तोवर पाव हिस्सा खाली बसलेलं असेल, दर बॅगेमागे चार लिटर गांडूळखत-शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, पंधरा दिवस थांबा, मग रोप.